कठडा आणि शिकवण

अनुवादाच्या २२ व्या अध्यायात (वचन ८) नवे घर बांधणाऱ्यासाठी एक साधा नियम आहे. त्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे तेथून कोणी पडल्यास घरावर दोष येणार नाही. ही आज्ञा धाब्यावर चढणाऱ्याला नव्हे, तर घर बांधणाऱ्याला केलेली आहे, हे ध्यानात घ्यावे. मूल पडले किंवा भाजले की आपण म्हणतो, "किती वेळा सांगितले होते!" परंतु ज्या वयाला सांगणे पुरत नाही, त्या वयात कठडा मोठ्यांनीच घालायचा असतो.

पहिली चार-पाच वर्षे : या वयात 'नको' हा शब्द कळतो, पण तो आठवून पाऊल आवरता येत नाही. बादलीत थोडेसे पाणी असले तरी तीत वाकलेले मूल बुडू शकते, आणि बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. म्हणून न्हाणीतली बादली रिकामी करून पालथी घालावी, हौदावर झाकण ठेवावे, रॉकेल किंवा फिनेल सरबताच्या बाटलीत भरू नये, औषधे कुलपात ठेवावीत. येथे उपदेश कमी व नजर अधिक हवी.

पाच ते आठ वर्षे : आता शिकवण सुरू होते, पण ती मोजकी व स्पष्ट असावी. "सांभाळून जा" एवढ्याने मुलाला काही कळत नाही. "मोठे माणूस बरोबर नसेल तर विहिरीकडे जायचे नाही," हे कळते. एका वेळी एकच नियम सांगावा, त्या जागी नेऊन दाखवावा व पुनः पुनः करवून घ्यावा. तरीही येणाऱ्या गाडीचा वेग व अंतर यांचा अंदाज या वयात नीट येत नाही. नियम पाठ आहे म्हणून मुलाला एकट्याने हमरस्ता ओलांडू देऊ नये.

नऊ वर्षांनंतर : कारणे समजावून सांगावीत, पोहायला शिकवावे व हळूहळू मोकळीक द्यावी. सदा हात धरलेले मूल धोका ओळखायला शिकत नाही.

एक गोष्ट मात्र सर्व वयांसाठी आहे. कोणाचा स्पर्श नकोसा वाटला, तर तो माणूस नात्यातला किंवा मंडळीतला असला तरी घरी सांगावे, आणि सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाही, ही खात्री मुलाला आधीच द्यावी. जे मूल माराला भिते ते धोका लपवते. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो मोठ्या मुलांकडून पाठ करून घ्यावा.

वर्गशिक्षकांसाठी प्रश्न :
१. शब्बाथ शाळेच्या आवारात कोठे 'कठडा' नाही?
२. सहलीला पाण्याकाठी जाताना कोणती मुले कोणाच्या नजरेखाली राहतील, हे निघण्यापूर्वी ठरले आहे काय?
३. आपल्या वर्गातील मूल भ्याले, तर ते आपल्याकडे येईल काय?