मिलानचे ‘मोठे घर’ : देणग्यांतून घडलेली एक रुग्णालय-वास्तू



अहवालातील ताळेबंद वाचून झाल्यावर एका परदेशी संस्थेच्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. इटलीतील मिलान शहरात ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा व त्यांच्या पत्नी बियांका मारिया यांनी १४५६ मध्ये ‘ओस्पेदाले माज्जोरे’ या रुग्णालयाची पायाभरणी केली. शहरात विखुरलेली लहान धर्मादाय रुग्णालये एका व्यवस्थापनाखाली आणणे हा त्यामागील हेतू होता. लोक या वास्तूला प्रेमाने ‘का ग्रांदा’, म्हणजे मोठे घर, म्हणू लागले.

आराखडा फिलारेते या फ्लोरेन्सच्या वास्तुकाराचा. मधोमध प्रशस्त चौक आणि दोन्ही बाजूंस क्रुसाच्या आकाराचे रुग्णकक्ष, एक पुरुषांसाठी व दुसरा स्त्रियांसाठी, अशी त्याची योजना होती. क्रुसाच्या चार बाहूंमधील जागेत लहान चौक आल्याने कक्षांना उजेड व हवा मिळे. बाहू जेथे मिळतात तेथे वेदी असे. त्यामुळे अंथरुणास खिळलेल्यासही पडल्या जागेवरून प्रार्थनेत सहभागी होता येई. मला मात्र सर्वाधिक कौतुक वाटते ते सांडपाण्याच्या व्यवस्थेचे. खाटांच्या भिंतीमागील बोळात शौचकूप व त्यांखालून कालव्याचे वाहते पाणी! आपल्या ग्रंथात फिलारेतेने याचे तपशीलवार वर्णन केले आहे. दर्शनी भागासाठी देणगी मिळते, नळ-गटारांसाठी सहसा मिळत नाही, हा व्यवस्थापकाचा नित्याचा अनुभव असल्याने हे प्रकरण मी दोनदा वाचले.

फिलारेते १४६५ मध्ये काम सोडून गेला. पुढे गुइनिफोर्ते सोलारी याने ते चालविले, परंतु निधीअभावी मधला चौक दीर्घकाळ अपुराच राहिला. सतराव्या शतकात जोव्हान्नी पिएत्रो कार्कानो या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातील देणगीमुळे त्यास गती मिळाली. डावी बाजू पूर्ण होण्यास तर एकोणिसावे शतक उजाडले. म्हणजे सुमारे साडेतीनशे वर्षे!

निधिसंकलनाची रीतही लक्षणीय होती. पोप दुसरे पायस यांच्या काळापासून २५ मार्च रोजी ‘क्षमेचा उत्सव’ होई. भाविकांस पापक्षमा लाभे व रुग्णालयास दान. मोठ्या देणगीदारांची तैलचित्रे रंगवून घेतली जात व उत्सवाच्या दिवशी चौकातील कमानींखाली मांडली जात. पुढील काळात देणगीच्या रकमेवरून चित्र अर्धाकृती की पूर्णाकृती हेही ठरू लागले. आपल्याकडील संगमरवरी नामफलकांच्या आकारावरून होणारी चर्चा आठवून हसू आले.

ऑगस्ट १९४३ मधील बाँबहल्ल्यांत वास्तूची मोठी हानी झाली. डागडुजीनंतर १९५८ पासून तेथे मिलान विद्यापीठाचे मुख्य कार्यालय आहे. रुग्णसेवा जवळच्याच इमारतींत सुरू असून, नऊशेहून अधिक देणगीदारांची तैलचित्रे आजही रुग्णालयाच्याच मालकीची आहेत.