मियाटा गरम होते म्हणून

चि. निनाद,

तुझ्या १९९१ च्या मियाटा गाडीचे फोटो पाहिले. टेक्ससच्या उन्हात ट्रॅकवर तापमानाचा काटा वर चढतो, म्हणून इनटेक आणि कूलिंग घरीच बदलणार म्हणतोस. खुशाल बदल. पण तुझ्या खरेदीच्या यादीत मोजायचं एकही साधन नाही, ते बरं दिसत नाही.

यादीतला तो चकचकीत कोन फिल्टर परत करून टाक. बॉनेटखाली उघडा बसवला की तो रेडिएटरमागची गरम हवाच ओढणार. हवा तीन अंशांनी तापली की साधारण एक टक्का विरळ होते. बाहेर तीस अंश आणि फिल्टरच्या तोंडाशी साठ असतील, तर नऊ टक्के हवा गेली आणि ताकदही जवळपास तेवढीच. आवाज तेवढा वाढतो, आणि पोरांना तीच ताकद वाटते! शिवाय तुझ्या १.६ इंजिनात हवा मोजायला झडपेचा मीटर आहे. त्याच्या पुढच्या नळीला, इंजिनाकडच्या बाजूला, कुठे फट राहिली तर न मोजलेली हवा आत जाते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं.

फिल्टर खरंच गळा आवळतोय का, हे बघायला दोनपाच डॉलरची पारदर्शक नळी पुरते. ती यू आकारात पट्टीवर बांध, तळाशी रंगीत पाणी भर. एक टोक फिल्टरनंतरच्या डक्टला जोड, दुसरं मोकळं ठेव. नळीच्या दोन्ही बाजू हातभर उंच हव्यात, नाहीतर पाणी इंजिनात जाईल. ट्रॅकवर मित्राला शेजारी बसव आणि फुल थ्रॉटलला दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती फरक पडतो ते वाचायला सांग. दहा सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम एक टक्का. तेवढ्यासाठी शेकड्याने डॉलर घालायचे की नाही, ते तूच ठरव.

खरं दुखणं पाण्याचं आहे. हे इंजिन मूळचं पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीतलं, आडवं बसणारं. मियाटात ते उभं बसवताना पाणी बाहेर पडायची वाट पुढे आली. पंप पुढे, थर्मोस्टॅटही पुढे. त्यामुळे मागे चार नंबरच्या सिलिंडरपाशी पाणी हवं तसं खेळत नाही. म्हणून ट्रॅकवाले थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेतात, त्याला रीरूट म्हणतात. इलाज चांगला आहे, पण काम किचकट. त्याआधी गाडीखाली वाकून बघ, बंपरमागचा प्लास्टिकचा अंडरट्रे जागेवर आहे का? जुन्या गाड्यांचा तो बहुधा तुटलेला किंवा काढून फेकलेला असतो. मग पुढून आलेली हवा रेडिएटरच्या जाळीत शिरायचं सोडून खालून आणि बाजूच्या फटींतून सटकते. ट्रे बसव, फटी फोम आणि पत्र्याने बंद कर. मोठा रेडिएटर घेण्याआधी हे करायचं.

बॉनेटची मागची कड वर उचलायचा विचार सोड. वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो, त्यामुळे तिथून गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरचीच हवा आत येऊ शकते. पटत नसेल तर बॉनेटवर लोकरीचे धागे चिकटव, दुसऱ्या गाडीतून व्हिडिओ घे आणि धागे कुठे वळतात ते बघ.

थर्मोस्टॅट काढून फेकू नकोस, इंजिन थंड राहून पेट्रोल जास्त पितं. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नकोस, आकडे दाखवणारा वेगळा सेन्सर लाव. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरायचं नाही, स्टँड हवेतच. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरची कॅप उघडायची नाही, हे तुला सांगायला नको, तरी सांगतो. आणि सांडलेलं कूलंट लगेच पूस. ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

पाण्याचं तापमान, नळीतला फरक आणि त्या दिवशी बाहेर किती अंश होते, एवढं अंडरट्रे बसवण्याआधीचं आणि नंतरचं लिहून पाठव. रीरूटचं किट मागवायचं की नाही, ते त्यावर बोलू.

तुझा,
मामा