दोनच वायरचा दिवा धोक्याचा असतो का?

प्रश्न : पालखी मुक्कामाच्या मंडपासाठी एलईडी फ्लडलाइट घेतले. काहींना तीन वायर आहेत, काहींना दोनच. दोन वायरचे कमी दर्जाचे समजून परत करावेत का?
– एक वाचक, वेळापूर (जि. सोलापूर)

उत्तर : दिव्यांचे संरक्षण-वर्ग दर्जा दाखवत नाहीत, विजेचा धक्का कसा टाळला आहे, एवढेच सांगतात. वर्ग १ च्या दिव्याची धातूची बॉडी अर्थिंगला जोडावीच लागते. हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर कापून दिवा लावला तरी तो उजेड देतो, आणि फसगत तिथेच होते : आत इन्सुलेशन बिघडले की बॉडीत करंट उतरतो. वर्ग २ मध्ये दुहेरी किंवा मजबूत केलेले इन्सुलेशन असल्याने तिसरी वायर लागत नाही. चौकोनात चौकोन ही त्याची खूण. ती असल्यास दिवा परत करण्याचे कारण नाही. खूण नसलेला दोन वायरचा धातूचा दिवा मात्र परत केलेलाच बरा. वर्ग ३ चे दिवे १२ किंवा २४ व्होल्टसारख्या सुरक्षित कमी दाबावर चालतात, पण योग्य ट्रान्सफॉर्मर किंवा ड्रायव्हरवरच.

आषाढीच्या पावसात आयपी ६५ खूणही पाहावी, कारण पाण्यापासूनचे संरक्षण या वर्गांत येत नाही. मंडपाच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा.