नोकराच्या नावे वर्षासन : ते सुरू कधी होते?

आपल्याकडे पेढीवर किंवा कारखान्यात तीस-तीस वर्षे इमानाने काम केलेली माणसे असतात. मालक वसीयतीत लिहितो, "माझ्यामागे याला हयातभर दरसाल अमुक रुपये द्यावेत." हेतू नेक असतो, पण रक्कम कधीपासून, हे लिहायचे राहते. मग वारस आणि नोकर यांच्यात तंटा होतो. म्हणून हा विषय आम्ही आज घेतला आहे.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ३३८ चा नियम असा : वसीयतीत मुदत दिलेली नसेल, तर वर्षासन मालकाच्या मृत्यूपासूनच सुरू होते, मात्र पहिली रक्कम एक वर्ष पूर्ण झाल्यावर द्यायची. समजा, मालक १० जून २०२३ रोजी अल्लाहला प्यारे झाले आणि वर्षासन २४ हजारांचे आहे. तर हक १० जून २०२३ पासून, पैसा वर्ष सरल्यावर.

"दरमहा २ हजार" असे लिहिले असेल, तर कलम ३३९ प्रमाणे पहिला हप्ता पहिल्या महिन्याअखेर देय होतो. वसी, म्हणजे वसीयत अमलात आणणारा, तो तेव्हा देऊ शकतो. पण वर्षअखेरपर्यंत देण्याची त्याच्यावर सक्ती नाही. कर्जे आणि येणी यांचा हिशेब लागावा म्हणून ही सवड आहे. सवड म्हणजे माफी नव्हे. साचलेले हप्ते नंतर चुकते करावेच लागतात. दोन हप्त्यांच्या मध्ये नोकर वारला, तर तेवढ्या दिवसांचा हिस्सा त्याच्या वारसांना द्यावा लागतो.

शरीअतची मर्यादाही ध्यानात ठेवावी. आधी कफन-दफन, मग कर्ज, मग वसीयत, शेवटी वारसा. वारसांची संमती नसेल तर वसीयत एक तृतीयांशापुढे चालत नाही. नोकर वारस नसल्याने त्याच्या नावे वसीयत करता येते, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

आणखी एक. थकलेला पगार ही खैरात नव्हे, ते कर्ज आहे. तो तृतीयांशात धरू नये. मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील मजूर, कारागीर व घरगुती नोकराची मजुरी तर कलम ३२२ नुसार इतर कर्जांच्याही आधी द्यायची असते.

तेव्हा बांधवांनो, वसीयतीत चार गोष्टी स्पष्ट लिहा : रक्कम किती, पहिला हप्ता कोणत्या तारखेला, कोणत्या मिळकतीतून आणि कधीपर्यंत. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि वकिलाला एकदा दाखवा. ज्याने आपल्या दुकानात उमर घालवली, त्याला आपल्यामागे वारसांच्या दारी खेटे घालावे लागू नयेत.