मृत्युपत्र : अविश्वास नव्हे, जबाबदारी



मृत्युपत्राचा विषय निघाला की ‘अभद्र कशाला बोलायचे?’ म्हणून आपण तो टाळतो. पण पेण परिसरात जमिनीला भाव आला आणि हे टाळणे घराघरांना महाग पडू लागले. भाऊ कोर्टात जातात आणि म्हातारी आई ओटीवर एकटी राहते.

बेन सिराच्या ग्रंथाच्या 33व्या अध्यायात व्यवहारी उपदेश आहे : जिवंत असेपर्यंत आपला कारभार दुसऱ्याच्या हाती देऊ नये; वारसा वाटावा तो आयुष्याच्या अखेरीस. आपण मुलांच्या तोंडाकडे पाहण्यापेक्षा मुलांनी आपल्याकडे मागावे, हे बरे.

ज्येष्ठांची कामे पाहणारे वकील आज हेच सांगतात. बक्षीसपत्राने मालकी हयातीतच जाते. मृत्युपत्र मृत्यूनंतर लागू होते आणि बुद्धी शाबूत असेपर्यंत बदलता येते.

आपणा ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. त्यातील चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश मिळते. मुलगा व मुलगी समान. मुलेबाळे असताना मृताच्या आईवडिलांना मात्र वाटा नाही.

2. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार हवेत. साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला त्यात काही दिले असेल, तर ते देणे रद्द होते.

3. नोंदणी सक्तीची नाही; तरी दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी.

4. लग्न झाले की त्याआधी केलेले मृत्युपत्र रद्द होते.

बक्षीसपत्र करायचेच असेल, तर ‘सांभाळ करीन’ ही अट त्यातच लिहून घ्यावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार ही अट मोडल्यास न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द ठरवू शकते. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी.

वकील निवडतानाही पारख हवी. चांगला वकील वृद्ध व्यक्तीशी एकट्याने बोलतो. फी मुलाने भरली तरी ज्याचे मृत्युपत्र, तोच त्याचा अशील. वकिलांचे आश्रयदाते संत इव्हो (1253–1303) स्वतः धर्मगुरू होते आणि फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात गोरगरिबांचे खटले विनामूल्य चालवत. त्यांचा सण 19 मे रोजी असतो.

मात्र कागद हक्क राखतो, माया निर्माण करत नाही. आईला औषध वेळेवर देणे, वडिलांजवळ घटकाभर बसणे, हे कोणत्याही कलमात बसत नाही. ती चौथी आज्ञा आहे.

प्रभू येशूजवळ वाटायला जमीनजुमला नव्हता. अंगावरची वस्त्रेही शिपायांनी वाटून घेतली. तरीही क्रुसावरून त्याने आपली आई प्रिय शिष्याच्या स्वाधीन केली (योहान 19:25-27). मरणाच्या वेदनेतही त्याने मागे राहणाऱ्या माणसाची सोय पाहिली.

चिंतनासाठी : आपल्या पश्चात आपल्या घरात कोण सर्वांत निराधार राहील? या आठवड्यात जपमाळ झाल्यावर घरातल्यांनी एकत्र बसून याविषयी मोकळेपणाने बोलावे.

प्रभूचा आशीर्वाद आपल्या घरांवर असो.

– आपले धर्मगुरू