अपघात विभागातील परिचारिका आणि सांसर्गिक रोगांचे ज्ञान

रुग्णालयाच्या अपघात विभागात येणाऱ्या रुग्णाचे निदान झालेले नसते. ताप, खोकला, झटके एवढीच त्याच्या रोगाची ओळख असते आणि त्याच्याजवळ प्रथम जाते ती परिचारिका. सांसर्गिक रोगांविषयी तिला किती माहिती आहे, यावर त्या रुग्णाचे, शेजारच्या रुग्णांचे आणि तिचे स्वतःचेही प्राण अवलंबून असतात.

२००१ साली सिलिगुडी येथे तापाची साथ उद्भवली. ६६ रुग्णांपैकी ४५ दगावले. बाधितांत रुग्णालयातील कर्मचारी व भेटीस आलेली मंडळी मोठ्या संख्येने होती. तो रोग निपाह होता, हे पुढे नमुन्यांच्या तपासणीतून उघड झाले. मे २०१८ मध्ये केरळातील कोझिकोड व मलप्पुरम या जिल्ह्यांत निपाहने १७ बळी घेतले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान निश्चित केले, तोवर संसर्ग रुग्णालयांतून पसरला होता. पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयात पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी पुतुश्शेरी यांचे २१ मे रोजी निधन झाले.

यातून मिळणारा धडा असा की, दक्षता निदानानंतर नव्हे, निदानापूर्वीच सुरू झाली पाहिजे. त्यासाठी संसर्गाचे मार्ग ठाऊक असावे लागतात.

१. स्पर्श : प्रत्येक रुग्णापूर्वी व नंतर हात धुणे, रक्त वा स्राव हाताळताना हातमोजे घालणे.

२. तुषार : घटसर्प, इन्फ्लुएंझा. रुग्णास व परिचारिकेस मुखपट्टी. खाटांत पुरेसे अंतर.

३. हवा : गोवर, कांजिण्या, क्षय. गोवराचे विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकतात. म्हणून हवेशीर स्वतंत्र खोली व एन-९५ मुखपट्टी आवश्यक.

४. रक्त : वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. सुई टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन तत्काळ कळवावे. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. कावीळ-ब ची लस आधीच घेतलेली असावी.

मात्र ज्ञान असूनही साधने नसतील, तर ते निरुपयोगी ठरते. नळाला पाणी, साबण, हातमोजे व वेळोवेळी उजळणी-प्रशिक्षण यांची तरतूद अधिकाऱ्यांनी करावयाची आहे. रुग्णाभोवती नातेवाइकांची गर्दी होऊ नये, त्याचा प्रवास व सहवास यांची खरी माहिती परिचारिकेस मिळावी, हे ग्रामस्थांना समजावून सांगण्याचे कार्य पंचायत सदस्य व शिक्षक उत्तम प्रकारे करू शकतील. परिचारिकेच्या रक्षणातच गावाचे रक्षण आहे.