रिकामी डबी आणि अग्नीचे शिक्षण

(इयत्ता ६ वी व ७ वी : सामान्य विज्ञान व कार्यानुभव)

मलमाची, बुटांच्या पॉलिशची किंवा गोळ्यांची पत्र्याची लहान डबी रिकामी झाली म्हणजे ती उकिरड्यावर टाकली जाते. अशा एका डबीच्या साहाय्याने अग्नीसंबंधीचा पूर्ण पाठ कसा घेता येतो, हे या टिपणात सांगावयाचे आहे. खेड्यातील मूल चुलीच्या सान्निध्यात वाढते, शेकोटीभोवती बसते आणि लवकरच काडी ओढावयास शिकते. पेटलेला अग्नी आवरावा कसा, हे मात्र त्यास सहसा कोणी पद्धतशीरपणे शिकवीत नाही. काडी ओढणे ही अर्धी विद्या होय. गवताची गंजी पेटते, डोंगरास वणवा लागतो, मूल भाजते, ते पुष्कळदा उरलेल्या अर्ध्या विद्येच्या अभावी. ही उरलेली विद्या डबीच्या झाकणात आहे.

पूर्वपीठिका

जॉन वॉकर या इंग्रज औषधविक्रेत्याने १८२७ मध्ये घासून पेटणाऱ्या काड्या विकावयास काढल्या. तत्पूर्वी इंग्लंडातील अनेक घरांत पत्र्याची एक गोल डबी असे. तीत गार, पोलादाचा तुकडा व कोळसा झालेली चिंधी ठेवीत. चिंधीवर दाबून तिचा निखारा विझविण्यासाठी एक चपटे आतले झाकण असे, आणि वरच्या झाकणावर मेणबत्ती खोचण्याची नळी असे. पेटविण्याचे व विझविण्याचे साधन एकाच डबीत नांदत होते, हे विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावे.

आपल्याकडे हेच काम चकमक करीत असे. ठिणगी धरण्यासाठी सावरीच्या कापसासारखे हलके द्रव्य वापरीत. ‘चकमक’ हा शब्द तुर्की भाषेतून आला असून त्याचे मूळ ‘आघात करणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. लहानशा लढाईस आपण चकमक म्हणतो, त्याचाही येथे उलगडा होतो. दख्खनच्या काळ्या खडकात गारगोट्या विपुल सापडतात. विद्यार्थ्यांस त्या शेतातून गोळा करून आणावयास सांगावे.

साहित्य

घट्ट झाकणाची पत्र्याची डबी, जुन्या धोतराची किंवा अन्य शुद्ध सुती कापडाची चिंधी, खिळा, चिमटा, निखाऱ्यांची शेगडी, धारदार कडेची गारगोटी, मोडक्या कानशीचा तुकडा, नारळाचा सुटा काथ्या, पाण्याची बादली व वाळूचे घमेले. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून चिकटते. ते मुळीच घेऊ नये.

प्रथम डबीस चुंबक लावून पाहावा. चुंबक चिकटल्यास पत्रा पोलादाचा आहे असे समजावे. अशा पत्र्यावर बहुधा कथिलाचा पातळ थर असतो. भांड्यांना कल्हई करतात ती याच कथिलाची. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, पोलाद मात्र निखाऱ्यांवर टिकून राहते. डबीवरील रंगाचा धूर अपायकारक असल्यामुळे रिकामी डबी शिक्षकांनी आदल्या दिवशी उघड्या जागी एकदा भाजून घ्यावी.

प्रयोग

हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा व विद्यार्थ्यांनी दहा पावलांवरून पाहावा. झाकणास खिळ्याने एक बारीक छिद्र पाडावे. चिंधीचे लहान तुकडे सैलसर भरून डबी बंद करावी व निखाऱ्यांवर ठेवावी. थोड्याच वेळात छिद्रातून धूर निघू लागेल; कधी त्या धुरास ज्योतही लागते. धूर थांबताच डबी चिमट्याने खाली उतरवून छिद्रात ओल्या मातीचा बोळा बसवावा. डबी पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नये. घाईने उघडल्यास वारा आत शिरतो, चिंधी धुमसते व तिची राख होते.

उघडल्यावर चिंधी काळी परंतु अखंड दिसली पाहिजे. ती तपकिरी असल्यास भाजणी अपुरी झाली. राखाडी असल्यास हवा आत गेली. मातीने लिंपलेल्या भट्टीत लाकडाचा कोळसा होतो तो याच न्यायाने, हे येथे सांगावे. उष्णता मिळाली, पण हवा मिळाली नाही. म्हणून चिंधी जळून न जाता तिचा कोळसा झाला.

आता गारगोटीच्या कडेवर काळी चिंधी धरून कानशीचा तुकडा तीवर निसटता मारावा. गारगोटी पोलादाहून कठीण असल्याने ती त्याचे सूक्ष्म कण खरवडते. घर्षणाने तापलेले ते कण हवेत जळतात, तीच ठिणगी. ठिणगी चिंधीवर पडताच लाल ठिपका दिसून पसरू लागतो. चिंधी काथ्याच्या घरट्यात ठेवून हळूहळू फुंकर घातल्यास ज्वाळा निघते. साध्या खिळ्याने अशी ठिणगी का पडत नाही, हा प्रश्न वर्गात विचारावा. ठिणगीसाठी कार्बनचे प्रमाण अधिक असलेले, पाणी दिलेले कठीण पोलाद लागते, हे उत्तर गावच्या लोहाराकडून मुलांनीच मिळवावे.

झाकणाचा धडा

दुसरी चिंधी धुमसू लागताच ती डबीत टाकून झाकण लावावे व छिद्र बंद करावे. थोड्या वेळाने डबी उघडल्यास निखारा विझलेला व चिंधीचा काही भाग शिल्लक राहिलेला आढळेल. तोच भाग पुन्हा ठिणगी धरतो. जळण, उष्णता व हवा यांपैकी एक काढून घेतले की अग्नी शांत होतो, हे सूत्र फळ्यावर लिहावे. नंतर कढईतील तेल पेटले तर काय करावे, असे विचारावे. पाणी ओतू नये, खालचा विस्तव बंद करून वर घट्ट झाकण ठेवावे, हे उत्तर मुले डबीवरूनच शोधून काढतील. तो क्षण या पाठाचे फलित होय.

निकडीची डबी

सहलीस जाताना शिक्षकांनी एक डबी खिशात बाळगावी. तीत आगकाड्या, पेटीच्या बाजूची घासपट्टी, मेणबत्तीचा तुकडा, सुई-दोरा, सेफ्टी पिना व जलसंजीवनीची पुडी असावी. काड्यांची टोके वितळलेल्या मेणात बुडवून घ्यावी, म्हणजे दमट हवेत त्या सादळत नाहीत. ओढण्यापूर्वी मेण नखाने खरवडावे. घासपट्टी वेगळ्या कागदात गुंडाळावी. झाकणाच्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबची रुंद पट्टी चढवावी. आत कोरा कागद घालून डबी बादलीत बुडवावी व कागद कोरडा राहतो का ते तपासावे.

विद्यार्थ्यांच्या डबीत आगकाड्या असू नयेत. तीत शिटी, दोरा, स्वच्छ कापडाची पट्टी, पेन्सिलीचा तुकडा आणि शाळेचे नाव लिहिलेली चिठ्ठी असावी. वाट चुकल्यास एका जागी थांबावे. मिनिटास ६ वेळा शिटी वाजवावी, मिनिटभर थांबावे व पुन्हा वाजवावी. ही पर्वतारोहकांची आंतरराष्ट्रीय खूण आहे; उत्तर मिनिटास ३ शिट्यांनी देतात.

दक्षता

प्रयोग पावसाळ्यानंतर, गवत ओलसर असताना घ्यावा. उन्हाळ्यात घेऊ नये. राखीव वनात वनास धोका पोहोचेल अशा रीतीने अग्नी पेटविणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. भाजल्यास तो भाग २० मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याखाली धरावा. त्यावर शाई, तूप वा दंतमंजन लावू नये. भाजणे मोठे असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

स्वाध्याय

१. चिंधीचा कोळसा होतो, राख का होत नाही?
२. आपल्या घरी अग्नी विझविण्यास कोणकोणती झाकणे उपयोगी पडतील, त्यांची यादी करा.
३. घरातील वडीलधाऱ्यांस चकमकीविषयी विचारून पाच ओळी लिहा.

पाठ संपल्यावर डबी वर्गाच्या कपाटात ठेवावी आणि ती बंद करण्याचे काम दर वेळी एका विद्यार्थ्याकडे सोपवावे.